ओंडक्याला डोळे होते!

होडीतून नदी किंवा खाडी ओलांडण्याचा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. त्या होडीत नावाडी असतो, चार उतारू असतात, गप्पा चाललेल्या असतात. कयाक किंवा कनू या चिमुकल्या नावांची गोष्ट मात्र निराळी. येथे नावाडीही तुम्हीच आणि उतारूही तुम्हीच. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील लोकांची, वरून मढवलेली नाव. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कनू वरून उघडी असते आणि तिच्या वल्ह्याला एकच पाते असते. दोन्ही नावा अरुंद, वजनाला हलक्या आणि जवळजवळ मूक. यंत्राची धडधड नाही, धूर नाही. त्यामुळे पाणकोंबड्या आणि बगळे दचकत नाहीत, खंड्या आपली फांदी सोडत नाही. निसर्ग जवळून पाहायचा तर यासारखे वाहन नाही. आता कोकणात आणि गोव्याच्या खाड्यांतही हौशी मंडळी कयाक वल्हवताना दिसतात.

परंतु अशा नावेत बसलेला माणूस पाण्याच्या अगदी लगत असतो. नावेची कड पाण्याच्या वर जेमतेम वीतभर असते. पाण्यात जे कोणी राहत असेल, त्याच्या आणि आपल्या मध्ये फायबरकाचेचा एक पातळ पत्रा, एवढेच काय ते अंतर. हे अंतर किती थोडे आहे, हे १९८५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात एका विदुषीला कळले. ती हकीकत आज सांगायची आहे.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या उत्तर टोकाला काकाडू नावाचे विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातून ईस्ट ॲलिगेटर नावाची नदी वाहते. (नाव फसवे आहे बरे! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे आलेल्या इंग्रज दर्यावर्दींना येथील मगरी अमेरिकेतील ॲलिगेटरसारख्या वाटल्या आणि तेच नाव चिकटले. ऑस्ट्रेलियातील एकाही नदीत ॲलिगेटर राहत नाही.) तो प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपल्याकडे हिवाळा सरत असतो, तेव्हा तेथे ऐन पावसाळा असतो. नद्या फुगतात, काठचे पाणी दूरवर पसरते, आणि कागदासारख्या सालीच्या झाडांखाली कमळांचे ताटवेच्या ताटवे फुलतात.

व्हॅल प्लमवुड या बाई तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक. ऑस्ट्रेलियातील अरण्ये वाचवण्याच्या चळवळीत त्या अनेक वर्षे होत्या. त्या वेळी त्यांचे वय ४५ होते आणि त्या काकाडूत मुक्कामाला होत्या. उद्यानाच्या रक्षकाने त्यांना चौदा फुटी कनू वापरायला दिली होती. देताना त्याने बजावले होते, की काठच्या शांत पाण्यात खुशाल फिरा, मुख्य नदीत मात्र जाऊ नका. तेथे ओढ फार आहे आणि मगरीही पुष्कळ आहेत.

पहिला दिवस कमळे आणि पक्षी पाहण्यात आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी पलीकडील खडकांवरची आदिवासींची प्राचीन चित्रे पाहावीत म्हणून बाई एकट्याच निघाल्या. आकाश भरून आले होते. रिमझिमीचा मुसळधार पाऊस झाला. पाण्याच्या वाटांचे जाळे असे गुंतागुंतीचे, की चित्रांकडे जाणारी वाट काही सापडेना. शोधता शोधता एका खोल प्रवाहातून कनू थेट मुख्य नदीपाशी येऊन ठेपली. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि त्या माघारी फिरल्या.

परतीच्या वाटेवर पाच-दहा मिनिटेच झाली असतील. एका वळणानंतर प्रवाहाच्या मध्यावर एक काटकी तरंगताना दिसली. जाताना तर ती तेथे नव्हती! कनू प्रवाहाबरोबर तिच्याजवळ सरकू लागली, आणि त्या लाकडाला डोळे असल्याचे बाईंच्या लक्षात आले. मगर होती, पण फारशी मोठी वाटली नाही. बाईंना विशेष भीतीही वाटली नाही. त्यांनी वळसा घालून जाण्यासाठी वल्हे मारले. तरीही मगरीचा मार्ग आणि कनूचा मार्ग एकमेकांकडे वळतच राहिले, आणि पुढच्या क्षणी कनूला दणका बसला. मग दुसरा, तिसरा. नाव थरथरू लागली.

गोष्ट येथे क्षणभर थांबवू या. पुढे काय झाले हे समजायचे, तर हा प्राणी कसा घडलेला आहे हे आधी पाहायला हवे.

पाण्यातला हेर

ही खाऱ्या पाण्यातील मगर. हयात असलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांत सर्वांत मोठी. २०११ साली फिलिपाइन्समध्ये पकडलेला एक नर ६.१७ मीटर लांब भरला आणि त्याचे वजन हजार किलोग्रॅमहून अधिक होते. तुमच्या वर्गाची लांबी मोजून पाहा, म्हणजे कल्पना येईल. नावात ‘खारे पाणी’ असले तरी ही मगर नदीत आणि गोड्या पाण्याच्या दलदलीतही सुखाने राहते.

मगरीच्या डोक्याचे चित्र नीट पाहा. नाकपुड्या, डोळे आणि कान हे सारे डोक्याच्या वरच्या बाजूला, जवळजवळ एका पातळीत बसवलेले असतात. त्यामुळे तेवढाच भाग पाण्यावर ठेवून ती श्वास घेऊ शकते, पाहू शकते आणि ऐकू शकते. बाकीचे अवाढव्य शरीर पाण्याखाली. म्हणून तर बाईंना मगर लहान वाटली! पाण्यावर दिसणाऱ्या डोक्यावरून मगरीच्या आकाराचा अंदाज बांधताना नवखा माणूस हमखास चुकतो.

पण डोळे आणि कान मिटले तरी तिला आपला पत्ता लागतो. मगरीच्या जबड्याभोवतीच्या कातडीवर बारीक बारीक काळपट उंचवटे असतात. ते कशासाठी असावेत, याचा उलगडा अलीकडचा आहे. २००२ साली अमेरिकेत डॅफ्नी सोआरेस या संशोधिकेने ॲलिगेटरवर एक साधा पण सुंदर प्रयोग केला. पूर्ण अंधारात, अर्धवट पाण्यात बुडालेल्या ॲलिगेटरच्या टाकीत पाण्याचा एक थेंब टाकला. प्राणी झटकन त्या दिशेला वळला. मग उंचवट्यांवर प्लॅस्टिकचा लेप चढवला. आता थेंब पडला तरी प्राणी जागचा हलला नाही. म्हणजे हे उंचवटे पाण्यावरील तरंगांचा दाब टिपणारी इंद्रिये आहेत. खऱ्या मगरींत, म्हणजे आपल्याकडील मगर ज्या कुळातली त्या कुळात, असे उंचवटे केवळ जबड्यावर नव्हे तर अंगभर असतात.

घरी एका परातीत पाणी घ्या, ते स्थिर होऊ द्या आणि कडेला एक थेंब टाका. तरंग दुसऱ्या कडेपर्यंत कसे जातात ते पाहा. आता विचार करा, वल्ह्याचा प्रत्येक फटका म्हणजे असे किती थेंब! आपण ज्या नावेला मूक म्हणतो, ती मगरीच्या लेखी चांगली गलका करीत चाललेली असते.

मग तिने कनूवर हल्ला का केला? मोठे नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला येऊ देत नाहीत, आणि तेथील पावसाळा हाच त्यांचा विणीचा हंगाम. पाण्यात सखल तरंगणारी चौदा फूट लांबीची वस्तू दुसऱ्या मगरीसारखी भासली असेल, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. दुसरे स्पष्टीकरण साधे आहे, ते म्हणजे भूक. मगरीच्या मनातले विचारायला आपण तिच्याकडे जाऊ शकत नाही. पण पहिले स्पष्टीकरण कनूला बसलेल्या धडकांपुरते ठीक वाटले, तरी त्यानंतर जे घडले त्याला ते पुरे पडत नाही, असे मला वाटते.

गिरकी

नाव फुटणार असे दिसताच बाईंनी ती काठाकडे नेली. काठ म्हणजे चिखलाची निसरडी भिंतच होती. एका झाडाची फांदी पाण्यावर वाकलेली होती. बाई उभ्या राहिल्या. मगर अगदी शेजारी येऊन त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी फांदीकडे झेप घेतली, आणि झेप पुरी होण्याआधीच पाण्यातून उसळलेल्या मगरीने त्यांना मांड्यांच्या जागी पकडून पाण्याखाली ओढले. मग सुरू झाली ती गरगर गिरकी.

ही गिरकी मगरीला का घ्यावी लागते? तिचे दात शंकूच्या आकाराचे असतात. ते धरून ठेवायला उत्तम, पण कापायला किंवा चावायला निकामी. वाघाला दाढांनी मांस कातरता येते, मगरीला येत नाही. जबडा मिटण्याची ताकद मात्र अचाट. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत खाऱ्या पाण्यातील एका मगरीच्या चाव्याचे बल १६,००० न्यूटनांहून अधिक भरले. म्हणजे सुमारे दीड टनाहून जास्त वजन दातांवर टेकवल्यासारखे. (जबडा उघडणारे स्नायू तितकेच दुबळे! पकडलेल्या मगरीचे तोंड संशोधक चिकटपट्टीचे काही वेढे देऊन बंद ठेवतात.)

असे घट्ट धरलेले भक्ष्य फाडायचे कसे? कडुनिंबाची ओली डहाळी कधी तोडली आहे? नुसती ओढून ती तुटत नाही. पिरगाळली, की धागे एकेक करून सुटतात. मगर तेच करते, फक्त हाताऐवजी सारे शरीर पिरगाळते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान ॲलिगेटरांच्या गिरक्यांचे चित्रण करून त्यांचे गणित मांडण्यात आले. प्राणी आधी चारही पाय अंगाशी चिकटवतो, डोके आणि शेपटी थोडी वाकवतो, आणि लांबीच्या अक्षाभोवती स्वतःला फिरवतो. पाय आवळल्यामुळे फिरणे सोपे होते. सेकंदाला दीड फेरीहून अधिक वेग त्या अभ्यासात दिसला. मोठ्या भक्ष्याच्या बाबतीत या गिरकीचा आणखी एक उपयोग होतो. त्याला धड श्वास घेता येत नाही, वर-खाली कळत नाही आणि ते बुडते.

प्लमवुडबाईंना असे तीन वेळा फिरवण्यात आले.

पहिली गिरकी थांबली, तेव्हा त्यांचे डोके पाण्याबाहेर होते आणि पाय तळाला लागले. पाणी खोल नव्हते! त्या खोल पाण्यात सापडत्या तर ही हकीकत सांगायला राहिल्याच नसत्या. मगर दीर्घकाळ श्वास रोखून पाण्याखाली राहू शकते, माणसाला काही मिनिटेही राहता येत नाही. लगेच दुसरी गिरकी आली. ती थांबली, तेव्हा पाण्यात वाढलेल्या एका झाडाची जाड फांदी त्यांच्या हाताशी आली. आपल्या सह्याद्रीत खरवत म्हणून खरखरीत पानांचे झाड असते, त्याच्याच जातकुळीतले हे झाड. बाईंनी फांदी गच्च धरली. आणि काय आश्चर्य, मगरीचा जबडा सैल पडला! त्या सुटल्या, पुन्हा पहिल्याच झाडाकडे धावल्या, आणि पुन्हा पकडल्या गेल्या. या वेळी डावी मांडी. तिसरी गिरकी. पुन्हा तीच फांदी, पुन्हा काही वेळाने जबडा सैल. या खेपेस त्यांनी झाडाचा नाद सोडला. चिखलात बोटे रुतवून त्या ती निसरडी भिंत चढून गेल्या.

मगर दमते

चाव्यात एवढे बल असलेला प्राणी दोनदा पकड ढिली करतो, हे कसे?

शंभर मीटर जीव तोडून धावल्यावर तुमच्या पायांचे काय होते ते आठवा. स्नायूंना लागणारी ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने तयार होते. काम एकदम वाढले, की प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडतो. मग स्नायू प्राणवायूवाचून ऊर्जा मिळवतात, आणि त्या क्रियेत लॅक्टिक आम्ल साचते. आपले हृदय आणि फुप्फुसे काही मिनिटांत परिस्थिती बरीचशी सावरतात. मगर हा शीतरक्ताचा प्राणी. तिचा चयापचय आपल्यापेक्षा कितीतरी मंद असतो. त्यामुळे ती आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकते, तासन्‌तास निश्चल पडून राहते. पण तिची मोठी हालचाल जवळजवळ सगळी प्राणवायूवाचून मिळालेल्या ऊर्जेवर चालते. स्फोटासारखा जोर, आणि मग विश्रांती.

योगायोग असा, की याच विषयावर ऑस्ट्रेलियातील खाऱ्या पाण्याच्या मगरींवर केलेले अभ्यास त्याच वर्षी, १९८५ सालीच, प्रसिद्ध झाले. थकेपर्यंत झुंजलेल्या मगरींच्या रक्ताची आम्लता फार वाढलेली आढळली. मगर जितकी मोठी, तितकी ती अधिक वेळ झुंजते, परंतु सावरायलाही तितकाच अधिक वेळ घेते. पकडताना फार झगडलेल्या मोठ्या मगरी नंतर कधी कधी मरतात, त्याचे कारण हेच.

गिरक्यांमधील ते थांबे म्हणजे मगरीची दया नव्हती, तिचा नाइलाज होता. शिवाय भक्ष्यावरील पकड सुधारण्यासाठी मगर मधूनच जबडा सैल करते, हेही पाहण्यात आले आहे. एका हातात फांदी आहे, पाय तळाला लागलेले आहेत आणि नेमका त्याच क्षणी जबडा सैल पडला आहे, अशा गोष्टी जुळून आल्या. शौर्य होतेच, पण त्याला शरीरशास्त्राने साथ दिली.

सूड नको

पुढची पायपीटही भयंकर होती. बाईंनी जखमेवर कपडा आवळून बांधला आणि पावसातून चालत, मग शुद्ध हरपू लागली तेव्हा सरपटत, दलदलीच्या कडेपर्यंत मजल मारली. रात्री त्यांच्या राहण्याच्या जागी दिवा दिसला नाही, म्हणून उद्यानाचा रक्षक शोधायला निघाला आणि त्याला त्यांच्या हाका ऐकू आल्या. डार्विन शहराच्या रुग्णालयात त्या दीर्घकाळ होत्या.

त्यांना उचलून नेणाऱ्यांत बोलणे निघाले, की उद्या नदीवर जाऊन मगरीला गोळी घालावी. बाईंनी त्याला ठाम विरोध केला. त्या मगरीच्या घरात त्या गेल्या होत्या, मगर त्यांच्या घरात आली नव्हती. आणि गोळी त्याच मगरीला लागेल, हे कोण सांगणार?

या बोलण्यामागे इतिहास होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कातड्यासाठी त्या भागात मगरींची इतकी शिकार झाली, की तेथे जेमतेम तीनएक हजार मगरी उरल्याचा अंदाज होता. १९७१ साली तेथे शिकारीवर बंदी आली. आज तीच संख्या एक लाखाच्या आसपास मानली जाते. वन्य प्राण्यांच्या रक्षणात इतके यश क्वचितच मिळते. पण संख्या वाढली, लहान मगरी मोठ्या झाल्या, आणि निर्धास्तपणे नदीत उतरण्याचे दिवस संपले. ही किंमत कोणी आणि किती द्यायची, यावर तेथे अजून वाद होतात. डार्विन बंदरात शिरलेल्या मगरी सापळे लावून पकडतात. काकाडूच्या आत मात्र नदी मगरीची आहे असे धरूनच माणसांना वागावे लागते.

त्या दिवसाविषयी सविस्तर लिहायला बाईंना सुमारे दहा वर्षे लागली. वर्तमानपत्रांनी रंगवलेली राक्षसाची कथा त्यांना मान्य नव्हती. त्यांना धक्का बसला होता तो निराळ्याच गोष्टीचा. अन्नसाखळीची आकृती आपण सारे काढतो. गवत, हरिण, वाघ. ती काढणारा माणूस आकृतीच्या बाहेर उभा असतो. आपण स्वतः कोणाचे अन्न असू शकतो, हे त्यांना मगरीच्या जबड्यात असताना प्रथम पटले, आणि पुढील सारे चिंतन त्यांनी त्या जाणिवेवर उभे केले. २००८ साली त्या वारल्या. या विषयावरील त्यांचे लेखन २०१२ साली ‘द आय ऑफ द क्रोकोडाइल’ या नावाने पुस्तकरूपात आले.

आपल्या नद्यांत

खाऱ्या पाण्यातील मगर भारतात ओडिशाच्या भितरकणिकेत, सुंदरबनात आणि अंदमान-निकोबारात आढळते. भारतात १९७२ च्या कायद्याने मगरींना संरक्षण मिळाले आणि १९७५ साली मगर-संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला. आपल्या महाराष्ट्रात दिसते ती दुसऱ्या जातीची मगर. सांगलीजवळच्या कृष्णेत, चिपळूणच्या वाशिष्ठीत, महाडच्या सावित्रीत ती आहे. आकाराने ती लहान, पण माणसावर हल्ला करण्याइतकी निश्चित मोठी. कृष्णाकाठी असे हल्ले झालेले आहेत.

गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात हीच मगर मचूळ पाण्यात राहते. जिभेवरील ग्रंथींतून ती जादा मीठ बाहेर टाकू शकते, म्हणून तिला ते जमते. त्या परिसरातील काही गावांत पौष महिन्यात चिखलाची मगर थापून तिची पूजा करण्याची चाल आहे. तिला ‘मांगे थापणी’ म्हणतात. खाजण शेतीचे बांध आणि मगरी यांच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या काढलेली ही माणसे.

अशा नदीकाठी जाण्याचा योग आला, तर हिवाळ्यातील सकाळ निवडा. रात्रभर गारठलेल्या मगरी तेव्हा ऊन खायला काठावर येतात. पुलावरून किंवा उंच दरडीवरून दुर्बिणीने पाहा. तोंड उघडे टाकून पडलेली मगर रागावलेली नसते. तापलेले डोके थंड करण्याचा तो तिचा उपाय आहे, असे मानतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मादी काठाच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्ले पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. त्या काळात वाळूच्या काठाजवळ फिरकू नका, मादी जवळपासच असते. आणि पाण्यावर काटकी तरंगताना दिसली, तर मिनिटभर तिच्याकडे पाहत राहा. काटकी प्रवाहाबरोबर जाते. ती जागच्या जागी राहिली किंवा प्रवाहाच्या उलट सरकली, तर दोन पावले मागे व्हा, आणि धुणे धुणाऱ्या मंडळींनाही हाक मारून सांगा.